नाताळची भेट घ्यावी कशी? (नवशिक्यांसाठी)

ज्यांच्या घरात आहेराची वही आहे अशा सातारा-सांगलीकडच्या तमाम कुटुंबांसाठी ही मार्गदर्शिका आहे. धर्म कोणताही चालेल. ख्रिस्ती घरांतही वही असतेच, आणि तिच्यात ‘धाकटी मावशी – साडी, जरा विरळ’ असे शेरेही असतात.

साहित्य: एक नाताळ, एक शेजारी, एक ताट. ऐपतीप्रमाणे कंदी पेढे, तासगावचे बेदाणे किंवा पाचगणीच्या स्ट्रॉबेऱ्या. चकचकीत कागद ऐच्छिक आहे. तो फाडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच त्याचा उपयोग.

पायरी 1: वही बंद करा

द्यायचे कसे हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. अडते ते घेताना. पाकीट हातात पडले की तोंडाने ‘अहो, कशाला एवढं’ म्हणायचे आणि मनात आकडा टिपून घ्यायचा. त्यांच्या मुलीच्या लग्नात तेवढेच घालायचे, मध्ये पाच-सात वर्षे गेली असतील तर वर थोडे महागाईचे. या व्यवहाराला नावे ठेवू नयेत. कितीतरी मांडव त्याच्या जोरावर उभे राहिले आहेत. पण नाताळ त्यात बसत नाही. ख्रिस्ती श्रद्धा अशी की देवाने आपला पुत्र माणसाला देऊन टाकला, आणि तोही माणसाने काही पुण्य गाठीला बांधले म्हणून नाही. आता ही भेट वहीत मांडायची झाली तर ‘परत काय घातले’ या रकान्यात काय लिहाल? तो कोराच राहतो. चर्चमध्ये ज्याला कृपा म्हणतात ती हीच, आणि नाताळातल्या सगळ्या देण्याघेण्याचे मूळ तिच्यात आहे. बाकी केक, टोप्या, चमचमत्या माळा नंतर आल्या.

पायरी 2: रिटर्न गिफ्ट विसरा

वाढदिवसाला आलेल्या प्रत्येक पोराच्या हातात पेन्सिलींचा डबा देऊन पाठवायची सवय आपल्याला आता पक्की लागली आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून मागी लोक आले, त्यांनी बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस वाहिले, आणि ते वेगळ्या वाटेने घरी गेले. त्यांना कोणी काही दिल्याची नोंद नाही. (ते तिघेच होते असेही मत्तय सांगत नाही. भेटी तीन, म्हणून माणसे तीन, हा हिशेब आपण लोकांनी केला. हिशेबाशिवाय आपल्याला चैन पडत नाही.) लूक तर पुढची पायरी सांगतो. त्याच्या 14व्या अध्यायात येशू यजमानाला बजावतो की जेवायला भाऊबंद आणि श्रीमंत शेजारी बोलावू नकोस, ते उलट बोलावून फेड करतील. ज्यांना फेडता येणार नाही त्यांना बोलाव. हा अध्याय वाचून लग्नाची यादी करायला बसलेले घर अजून माझ्या पाहण्यात नाही.

पायरी 3: ताट रिकामे परत करणे

हे प्रात्यक्षिक आहे, घाई करू नये. नाताळाच्या आठवड्यात ख्रिस्ती घरातून मैदा, तूप आणि पिठीसाखर मळून डबा बेकरीच्या भट्टीवर जातो. पत्र्याच्या ट्रेवर नानकटाया थापायच्या, ट्रे आपलाच आहे हे ओळखायला कडेला चिठ्ठी खोचायची, आणि आपल्या ट्रेऐवजी दुसऱ्याचा जास्त करपावा अशी मनातल्या मनात इच्छा करीत रांगेत थांबायचे. करंज्या, चकल्या, शंकरपाळे घरीच होतात; दिवाळीला शेजारी करतात तेच, फक्त दारातला कंदील ताऱ्याचा. मग ताटावर विणलेला रुमाल टाकून घरातल्या लहानात लहान मुलाला शेजारी पिटाळायचे.

आता तुम्ही शेजारी आहात असे समजा. ताट घ्या. पदार्थ डब्यात काढा. ताट धुवा, पुसा, पोराच्या हातात द्या. इथवर सगळ्यांना जमते. मग आपोआप तुमचा हात साखरेच्या डब्याकडे जाईल, कारण शेजारचे भांडे रिकामे पाठवायचे नसते. तो हात मागे घ्या. ‘आईला सांग, नानकटाई छान झालीय’ एवढेच म्हणा आणि दार लावा. छातीत थोडे धडधडेल, ते स्वाभाविक आहे. घरात आजी असतील तर त्या हे होऊ देणार नाहीत. ताटात चिमूटभर साखर पडेलच. आजींशी वाद घालू नये. त्यांच्या बाबतीत ही पायरी वगळावी.

ज्यांना पुरावा लागतो त्यांच्यासाठी: मिरज

फेडता न येणारी भेट म्हणजे नुसता प्रवचनाचा विषय, असे वाटत असेल तर मिरजेला जाऊन या. कॅनडात जन्मलेले विल्यम वानलेस 1889 साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून या भागात आले. 1894 मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. जागा पटवर्धन संस्थानिकांची. इमारतीचा पैसा फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांचा, ज्यांचा धंदा रेल्वेची इंजिने बनवण्याचा. त्या इमारतीत ज्यांचे मोतीबिंदू निघाले, त्यांतल्या बहुतेकांनी कॉन्व्हर्स हे नावही ऐकले नसणार. फेडणार कोणाला? पुढे कुष्ठरोग्यांची सोय झाली, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले, आणि सांगली-मिरज रस्त्यावरच्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव पडले. 1928 साली सरकारने डॉक्टरांना ‘सर’ केले. मिशनच्या दवाखान्यांसाठी अमेरिकेतल्या चर्चमंडळींतल्या बायका जुन्या चादरी फाडून जखमांच्या पट्ट्या गुंडाळून पाठवीत. पट्टी बांधून घेणाऱ्याला चादर कोणाची ते ठाऊक नसे, चादरवालीला जखम कोणाची ते ठाऊक नसे. मिशनवर टीका करणाऱ्यांचे काही मुद्दे रास्त आहेत. परक्याचे दान सोबत परक्याचा देवही घेऊन येते, हे तर उघडच होते. पण टीका करणाऱ्या कितीतरी घरांतली बाळंतपणे तिथेच झाली, आणि त्या वेळी कोणी वही उघडली नाही.

पायरी 4: नाव लपवा

ही देणाऱ्यांसाठी. लाल टोपीवाल्या सांताच्या मुळाशी आहेत संत निकोलस, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे चौथ्या शतकातले बिशप. त्यांची आख्यायिका आपल्याकडे समजावून सांगावी लागत नाही, कारण ती हुंड्याची आहे. एका बापाला तीन मुली, हुंड्याला पैसा नाही. निकोलस रात्री त्याच्या घरात सोन्याची थैली टाकून पसार होतात. असे तीनदा. तिसऱ्या वेळी बाप पाळतीवर बसून त्यांना गाठतो, तेव्हा ते त्याला गप्प राहायला सांगतात. ऑफिसात दोनशे रुपयांची मर्यादा घालून चिठ्ठ्या काढतात त्या सीक्रेट सांताचा मूळपुरुष हा. मात्र मर्यादा घातली की प्रत्येकाला दोनशेचेच मिळते, म्हणजे वही पुन्हा उघडली.

प्रगत अभ्यासक्रम: सातारा, 1917

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. हातचे देऊन टाकण्यात टिळकांचा हात आधीपासूनच सैल. पण पगार सोडल्यावर फक्त देऊन भागत नाही. उद्याचे जेवण कोणी तरी द्यायचे आणि आपण ते मान खाली न घालता घ्यायचे. वाटायला उदार असलेल्या माणसाला हेच जड जाते. दोन वर्षांत, 1919 मध्ये, ते वारले.

नवशिक्यांनी एकदम इथे उडी मारू नये. मारायचीच असेल तर आधी बायकोला विचारावे, आणि विचारण्यापूर्वी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. अशा माणसाचा संसार चालवताना डब्यात तांदूळ किती उरले हे कोणाला बघावे लागते, ते त्यात आहे.