साडेचार सुतांचा जीर्णोद्धार

जुन्या ट्रॅक्टरला पूर्वीचे रूप देण्याच्या उद्योगासाठी मराठीत वेगळा शब्द रूढ नसल्यामुळे देवळांसाठी राखून ठेवलेला ‘जीर्णोद्धार’ हा शब्द येथे योजला आहे; मिस्त्री लोक याच उद्योगाला ‘काम काढणे’ म्हणतात आणि घरातील माणसे जे म्हणतात ते छापण्याजोगे नसते. या क्षेत्रात इंजिन उघडणारे आणि उघडलेल्या इंजिनाशेजारी उभे राहून फोटो काढून घेणारे असे दोन पंथ आढळतात. प्रस्तुत लेखकाची गणना पहिल्या पंथात व्हावी असा त्याचा आग्रह असला, तरी आठ महिने चाललेल्या कामात बॅटरी, म्हणजे हातातली विजेरी, धरणे आणि चहा सांगणे एवढी दोनच खाती त्याच्याकडे होती, आणि बॅटरीही तो भलतीकडे धरतो अशी मिस्त्रींची तक्रार होती.

ट्रॅक्टर इंटरनॅशनल बी-२७५ होता. महिंद्रांनी १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केल्यावर मुंबईच्या कांदिवलीत ज्या मॉडेलपासून ट्रॅक्टर बनवण्यास सुरुवात केली ते हेच, चार सिलिंडरचे, सुमारे ३५ अश्वशक्तीचे आणि मुळात इंग्लंडात घडलेले. ही माहिती लेखक पाहुण्यांना जेवणाआधी सांगत असल्यामुळे पाहुणे अलीकडे जेवून येतात.

इंग्लंडचा उल्लेख अनाठायी नाही, कारण सुताचा प्रश्न तेथूनच उद्भवतो. सूत हे सुतार, लोहार आणि फिटर यांच्या व्यवहारातील माप असून एका इंचात आठ सूत बसतात, म्हणजे एक सूत सुमारे ३.२ मिलिमीटर. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा आणि कांदिवलीची भागीदारी १९६३ ची असली, तरी या ट्रॅक्टरचे नट-बोल्ट इंचातच राहिले होते. आणि लेखकाने हौसेने आणलेला पान्यांचा चकचकीत संच, मखमली पेटीसह, आपादमस्तक मेट्रिक होता. मिस्त्री ‘साडेचारचा द्या’ म्हणत तेव्हा लेखक पेटीत साडेचार मिलिमीटरचा पाना धुंडाळी. साडेचार सूत म्हणजे नऊ सोळांश इंच, म्हणजे १४.३ मिलिमीटर, त्या नटावर १४ चा पाना चढत नाही आणि १५ चा चढतो, पण पाना एकटाच फिरतो, नट जागचा हलत नाही. अशा फिरण्याने षटकोनी नटाचे कोपरे झिजण्याला ‘नट गोल होणे’ म्हणतात, आणि त्यानंतर छिन्नी-हातोड्यावाचून गत्यंतर उरत नाही. एका सकाळी लेखकाने सहा नट गोल केल्यावर मिस्त्रींनी आपल्या गोणपाटाच्या पिशवीतून एक काळा, मधोमध वेल्डिंगचा गोळा असलेला पाना काढला, त्याला लाल सुतळी बांधली आणि तो लेखकाच्या हातात देऊन मखमली पेटीवर चहाचा ग्लास ठेवला.

पत्र्याच्या कामात ‘लांबी’ भरतात. लांबी म्हणजे पोचे बुजवण्याचा लेप. तो वाळला की घासून सपाट करतात आणि वर रंग मारतात. डाव्या मडगार्डवर वीतभर पोचा होता आणि तेवढ्या जागेचा रंग उडून पत्रा उघडा पडला होता, कारण नांगरटीच्या दिवसांत लेखकाचे वडील उजव्या हाताने स्टिअरिंग सांभाळत आणि डावा हात पाठीशी धरून आपल्या पोराला तेथे बसवीत. पोचा पोराच्या मापाचा होता. मिस्त्री ‘राहू द्या की तेवढं’ म्हणाले होते. लेखकाला तो कामचुकारपणा वाटला आणि त्याने लांबीचे दोन थर भरून घेतले. कारखान्यात घडलेले ते अस्सल आणि शेतात घडलेले ते नुकसान, असे मानणारी ही विद्या मुळातच थोडी निर्दय आहे, हे त्याला तेव्हा सुचले नाही.

दसऱ्याला झेंडूची माळ घालून ट्रॅक्टर अंगणात आणला, तो सुरूच होईना. डिझेलच्या नळीत हवा शिरली की नोझलपर्यंत डिझेल नीट पोचत नाही, म्हणून स्क्रू सैल करून फेसाळ धार सलग होईपर्यंत हवा काढावी लागते. ते काम मिस्त्रींनी दिवेलागणीला उरकले आणि इंजिन बोलू लागले. वडील काठी टेकत भोवती एक फेरी मारून आले, डाव्या मडगार्डपाशी थांबले आणि तळवा पत्र्यावरून दोनतीनदा मागेपुढे फिरवला.

“लई गुळगुळीत केलंस,” ते म्हणाले. “आता पोरगं घसरंल.”

पोरगे त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे असून बॅटरी भलतीकडे धरून उभे होते.