पूरग्रस्तांच्या सेवेला निघताना: काही उपयुक्त सूचना

आधी मुहूर्त पाहावा. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की तालुका जगापासून तुटतो, आणि हे जवळजवळ दर पावसाळ्यात घडते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा वैनगंगा ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावांत शिरली. जुलै 2022 मध्ये सिरोंचा तालुक्याची पाळी आली. थोडक्यात, आपत्तीचा तुटवडा नाही. पूर चालू असताना तिथे पोचता येत नाही आणि चिखल वाळला की फोटो फिके येतात, म्हणून मधले चार-पाच दिवस साधावेत. नेमके याच दिवसांत तलाठी पंचनाम्याला येणार असतो, बांधीत साचलेला गाळ काढायचा असतो, वाहून गेलेल्या रोवणीचे काय करायचे ते ठरवायचे असते. पण सेवेकरी मंडळी एवढ्या लांबून आलेली असताना गावाने समाजमंदिरात सतरंजी टाकून स्वागताला बसणे हे शिष्टाचाराला धरूनच आहे.

पथक चर्चचे असेल, समजा वसईच्या एखाद्या पॅरिशमधल्या तरुणांचे, तर येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाची एक अडचण आधीच सोडवून ठेवावी. उजव्या हाताने केलेले दान डाव्या हाताला कळू नये असे तिथे सांगितले आहे, आणि मोबाइल तर डाव्या हातातच धरावा लागतो. यावर तोडगा म्हणजे फोटो दुसऱ्याने काढावा. वसई ते बल्लारशा तीस जणांचे जाण्यायेण्याचे भाडे, पुढची बस, एकसारखे टी-शर्ट आणि बाटलीबंद पाणी एवढ्या पैशांत अहेरीच्या मिस्त्रीला आणि चार मजुरांना किती दिवस काम मिळाले असते, हा हिशेब कोणी मांडू नये. मांडलाच, तर त्या माणसाला खजिनदार करू नये.

आता बांधायचे काय? कुडाची भिंत लिंपणे आणि कवेलू फेरणे ही कामे गावातल्या कोणालाही पाहुण्यापेक्षा चांगली येतात, त्यामुळे ती टाळावीत. सिमेंटचे काहीतरी उभारावे आणि त्यावर देणाऱ्यांची पाटी लावावी. आराखडा घरूनच करून आणावा. गावाला विचारले तर भलतेच ऐकून घ्यावे लागते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ही चूक केली. रुग्णालय कसे हवे असे त्यांनी आदिवासींना विचारले. लोक म्हणाले, मोठ्या दवाखान्याची भीती वाटते. तिथे नातलगांना राहू देत नाहीत, आणि डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आम्ही तर मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. (पांढरा झगा घालणाऱ्या धर्मगुरूंनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.) परिणामी तिथे झोपड्यांसारखे वॉर्ड झाले, नातलगांची सोय झाली आणि रुग्णालयाला लोकांच्या पसंतीने माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. देणाऱ्याच्या पाटीला जागा राहिली नाही. याउलट, 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत अनेक देणगीदार संस्थांनी आखीव रस्त्यांची गावे उभी केली. घरे पक्की होती, पण जनावरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा आणि जुना शेजार कुठे गेला, हे प्रश्न घरात राहायला गेलेल्यांना पडले, नकाशा काढणाऱ्यांना नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: हात बांधून बसण्यापेक्षा काहीतरी केलेले बरे नाही का? केलेले फुकट असते तर बरेच. पण तीस माणसांचे जेवण, झोपणे, पाणी, संडास यांचा भार पुरातून सावरणाऱ्या गावावरच पडतो, आणि मलेरियाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळणाऱ्या जिल्ह्यात आजारी पडलेला पाहुणा ग्रामीण रुग्णालयातली खाटही अडवतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: अशा सहलीतून तरुण बदलतो आणि पुढे आयुष्यभर देत राहतो. हे नाकारता येणार नाही. मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी उन्हाळी छावण्या सुरू केल्या त्या याच विश्वासावर. मात्र त्यांना श्रमसंस्कार छावणी म्हटले गेले. संस्कार शिबिरार्थीवर व्हायचा होता, हे कोणी लपवले नाही. शिकायला जाणाऱ्याने शिकायला चाललो असे सांगावे, फी भरावी, आणि तिला मदतनिधी म्हणू नये.

तिसरा आक्षेप धर्माचा. क्रूस घेऊन येणाऱ्याच्या मनात काय असेल, अशी शंका अनेकांना असते. पण वरच्या सगळ्या सूचना गणेश मंडळाला आणि कंपनीच्या लोगोवाल्या टी-शर्टांनाही तंतोतंत लागू पडतात, तेव्हा दोष क्रूसाचा नाही. पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर ख्रिस्ती श्रद्धेचाच माणूस. 1934 च्या बिहार भूकंपानंतर तो मोजके सहकारी घेऊन आला, पुन्हा पुन्हा येत राहिला आणि स्थानिक लोकांबरोबर गावे बांधत राबला. त्याने सुरू केलेल्या संघटनेचे स्वयंसेवक पुढे वरोऱ्याजवळच्या आनंदवनातही कामाला आले. बल्लारपूरच्या चांदा धर्मप्रांताची सुरुवात 1962 ची. तिथले धर्मगुरू आणि सिस्टर पाहुण्यांची बस गेल्यावरही तिथेच असतात. जाण्यापूर्वी त्यांना एक फोन करायला हरकत नाही, पण ‘येऊ नका, पैसे पाठवा’ असे उत्तर आले तर ते वडीलधाऱ्यांचा विनय समजून सोडून देऊ नये.

इतके वाचूनही ज्यांना जायचेच आहे, त्यांच्यासाठी एक काम शिल्लक आहे. भिजलेला सातबारा, फाटलेला वनहक्काचा पट्टा, नाव चुकलेले आधार आणि बंद पडलेले बँक खाते, यांपैकी एक जरी अडले तरी भरपाई अडते. एकेका घराचे कागद जुळवायचे, अर्ज भरायचे, तहसीलच्या खिडकीपाशी त्या माणसाबरोबर दिवसभर उभे राहायचे. त्यासाठी मराठी वाचता यावी, माडिया किंवा तेलुगू बोलणारा सोबती हवा, आणि महिनाभर तरी मुक्काम हवा. ही कामे दिवाळीनंतरही उरलेली असतात. तेव्हा भामरागडची बसही चालू असते. फोटोत मात्र पूर दिसणार नाही.