लाडक्या भाच्याचं अंडं

"गुरुजी, आज किती जेवले?"

"कुठले सांगू? पटावरचे की ताटावरचे?"

या गुरुजींची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी, दोन शिक्षकी. गावाचं नाव सांगत नाही. नाव छापून आलं की दुसऱ्या दिवशी जीप येते आणि जीपमधून उतरणारे आधी खिचडी खातात, मग खुलासा मागतात. तर पटावर 43. परवा ताटावर 29. उरलेल्या 14 जणांनी शासनाच्या मोफत जेवणाकडे पाठ का फिरवली, असं वरून विचारणं आलंय. गुरुजींना उत्तर पाठ आहे. चौघे आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेत, दोघांना ताप आहे, तिघांना घरून ताकीद आहे की आपला डबाच खायचा, आणि पाच जण हजर होते, ताटही धुऊन आणलं होतं, पण सलग चौथ्या दिवशी पिवळा भात बघून माघारी फिरले. आता 'पिवळ्या भाताचा कंटाळा' असा रकाना कुठल्याच नमुन्यात नाही. म्हणून गुरुजींनी 'जनजागृतीचा अभाव' असं लिहून पाठवलं. वरच्यांना ते फार पटलं. जनजागृती म्हटलं की फ्लेक्स छापता येतो.

आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत नको नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी टाकायची रीत आहे. सरकारी पंगतीची रीत वेगळी. तिथे हो हो म्हणणाऱ्याला आधी नाव, मग आधार, मग हजेरी, मग ॲप विचारतात, आणि तोवर भात गार होतो. 2017 मध्ये तर केंद्राने मध्यान्ह भोजनाला आधार जोडायची अधिसूचनाच काढली होती. ओरड झाल्यावर खुलासा आला, की आधार नाही म्हणून कोणालाही उपाशी ठेवणार नाही. खुलासा वाचून पोरांचा जीव भांड्यात पडला. भांड्यात दुसरं काही पडलं की नाही, ते अधिसूचनेत नव्हतं.

माप मात्र चोख आहे. पाचवीपर्यंतच्या पोराला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं निघाली पाहिजेत. तांदूळ केंद्राचा. बाकी डाळ, भाजी, तेल, तिखटमीठ आणि सरपण मिळून एका पोरामागे 6 रुपये 78 पैसे, तेही 1 मे 2025 पासून. त्याआधी 6 रुपये 19 पैसे होते. ही 59 पैशांची वाढ जाहीर झाली त्या दिवशी मी स्टँडवर कटिंग पीत होतो. दहा रुपये. म्हणजे माझ्या अर्ध्या कप चहात गुरुजींचं एक पोर जेवून वर सव्वातीन रुपये उरतात. पाच ग्रॅम तेलाबद्दल मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तेवढं तर पळीलाच लागून राहतं."

मावशी म्हणजे स्वयंपाकी तथा मदतनीस. हे 'तथा' फार कामाचं. स्वयंपाकी म्हणून शिजवायचं, तथा म्हणून भांडी घासायची, पाणी भरायचं, व्हरांडा झाडायचा. केंद्राने यांचं मानधन 2009 मध्ये महिना 1,000 रुपये ठरवलं आणि मग ते विसरलं. राज्याने भर घालून ते अडीच हजारांवर नेलं, पण वर्षाचे महिने दहाच. मे-जूनच्या सुट्टीत मावशींच्या पोटालाही सुट्टी असते, असा शासनाचा समज आहे.

जेवण पोरांना वाढण्याआधी शिक्षकांनी चाखायचं आणि चव रजिस्टरमध्ये शेरा मारायचा. गुरुजींचं रजिस्टर मी चाळलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच शब्द: उत्तम. मी म्हटलं, "एखाद्या दिवशी मीठ कमी पडलं असेल की."

"पडलं होतं. लिहिलं होतं 'ठीक'. केंद्रप्रमुख आले. ठीक म्हणजे काय, बाधा झाली तर जबाबदारी कोणाची, इथून सुरुवात झाली. तेव्हापासून खारट झालं तरी उत्तम, आणि जळालं तर अतिउत्तम."

चाखून झालं की मोबाइल घेऊन गुरुजी शाळेच्या गच्चीवर जातात. तिथे रेंज येते. किती जेवले हे त्याच दिवशी ॲपवर भरावं लागतं, नाहीतर त्या दिवसाचं जेवण झालंच नाही असं धरतात. पोरांच्या पोटात गेलेलं अन्न रेंजअभावी बाहेर काढायची सोय अजून निघालेली नाही, एवढंच. बिहारमधल्या शिक्षकांच्या मानाने आपले गुरुजी सुखी म्हणायचे. तिथे 2021 मध्ये तांदळाची रिकामी पोती दहा रुपयांना एक अशी विकून पैसे जमा करायचा हुकूम निघाला. कटिहार जिल्ह्यातले एक शिक्षक तो शब्दशः पाळायला डोक्यावर पोती घेऊन बाजारात ओरडत फिरले आणि निलंबित झाले. हुकूम पाळायचा असतो, पण लोकांच्या लक्षात येईल इतका नाही.

तशी ही योजना जुनी. 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांनी शिजवायची कटकटच ठेवली नाही. 80 टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो कोरडं धान्य घरी. आमच्या पिढीने बघितलंय, तांदूळ वाटपाच्या दिवशी वर्गात पोरांपेक्षा पिशव्या जास्त असायच्या. शिजवलेलंच अन्न द्या, किमान 300 कॅलरीचं द्या, वर्षातले किमान 200 दिवस द्या, हे 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. पोराला भूक लागते आणि ती कोरड्या तांदळाने भागत नाही, हा शोध लावायला देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट बसलं होतं. तमिळनाडूत कामराज यांना हे 1956 मध्येच कळलं होतं, आणि त्यांचं शिक्षण तर शाळेतच अर्धवट सुटलेलं.

पण मला सगळ्यात आवडतो तो 2021 चा उन्हाळा. करोना, शाळा बंद, चुली बंद. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या 35 दिवसांच्या आहाराचे पैसे थेट पोरांच्या खात्यात जमा करायचं ठरलं. पाचवीपर्यंत 156 रुपये, सहावी ते आठवी 234. खातं पोराच्या नावाचं हवं, आधार जोडलेलं हवं. आता दुसरीतल्या पोराचं बँकेत खातं नसतं, हे मंत्रालयात कोणाला ठाऊक नसावं. तिथल्यांच्या पोरांचं असेल. मग आयांनी पोरं काखोटीला मारली, त्या दिवसाचा रोज बुडवला, वडापला भाडं दिलं, झेरॉक्स काढल्या, फोटो काढले आणि करोनाच्या दिवसांत बँकेच्या दारात गर्दी केली. आतून विचारणा झाली, खात्यात किमान शिल्लक किती ठेवणार? गुरुजी सांगतात, एका बाईने हिशेब केला. मजुरी, भाडं आणि कागद मिळून चारशे गेले. ती म्हणाली, "गुरुजी, सरकारला मीच दीडशे रुपये देते, पण हे नको." त्या वर्षीच्या अहवालात तिचं पोर 'लाभ न घेतलेले' या रकान्यात आहे. लाभ घेतला नाही. सोडून दिला, असं त्यात ध्वनित होतं.

एरवी पोरं ताट का उचलत नाहीत, त्याची कारणं सगळीच विनोदी नसतात. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत डिसेंबर 2021 मध्ये सवर्ण पोरांनी दलित बाईच्या हातचं खायचं सोडलं, बाईला कामावरून काढलं, तर दलित पोरांनी सवर्ण बाईच्या हातचं खायचं सोडलं. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना कॅलरीच्या आधी जात मोजायला कोणी शिकवलं, यावर चव रजिस्टरमध्ये शेरा मारायची सोय नाही.

तरीही ताटं भरायचा एक हमखास उपाय शिक्षण खात्याला सापडला होता, हे मान्य केलं पाहिजे. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्याला केळं. नगामागे पाच रुपये. गुरुजी म्हणतात, अंड्याच्या वारी पट आणि ताट यांची गाठ पडायची. तापातली पोरंही उठून यायची. मावशी पातेल्यात मूठभर मीठ टाकून अंडी उकडायच्या, म्हणजे साल सुटं निघतं. पोरं आधी अंड्यावर अंडं आपटून कोणाचं फुटतं ते बघायची. ज्याचं फुटलं तो हरला, पण खायला त्यालाच आधी मिळायचं.

पुढे जून 2024 मध्ये तर आहार त्रिस्तरीय झाला. आजवर पंचायत राज त्रिस्तरीय होतं, आता ताटही: एक भाताचा प्रकार, मोड आलेली कडधान्यं, वर खीर नाहीतर नाचणीचं सत्त्व. पंधरा पाककृतींची यादी आली. मावशींनी मटकी भिजत घातली. मोड नीट येईतो शासन निर्णय मोडीत निघाला. जानेवारी 2025 मध्ये कळवण्यात आलं की अंड्याला आणि गोड पदार्थांच्या साखरेला शासनाकडून वेगळा निधी मिळणार नाही. हवं असेल तर लोकसहभागातून करा.

अंड्यांचा खर्च वर्षाला सुमारे 50 कोटी होता. त्याच्या आदल्या वर्षीच राज्याने 'लाडकी बहीण' योजनेसाठी वर्षाला 46 हजार कोटींचा अंदाज मांडला होता. बहिणीच्या दीड हजारावर माझा काडीचा आक्षेप नाही. तिला कोणी कधी काही दिलं नव्हतं, मिळू दे. पण बहीण लाडकी म्हटली की तिचं पोर कोण लागतं? भाचा. मराठी मुलखात मामा नावाच्या माणसाची एक इभ्रत असते. मामाच्या घरी पोरगं सुट्टीत जातं ते खायला जातं. इथे मामा बहिणीच्या ओवाळणीत नोटा टाकतो, फोटो काढून घेतो आणि उठता उठता भाच्याच्या ताटातलं अंडं खिशात घालतो. बहिणींच्या एका वर्षाच्या ओवाळणीत भाच्यांची अंडी 920 वर्षं चालली असती. ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच्याही आधीपासून आजवर, दर आठवड्याला एक.

आणि साखर! ज्या राज्यात कारखान्याच्या कर्जाला सरकार थकहमी देतं, तिथे खिरीतल्या चमचाभर साखरेची हमी गावाने घ्यायची. निदान उसाचं एक कांडं तरी द्यायचं म्हणावं.

पलीकडे कर्नाटकात बघा. अक्कलकोट ओलांडलं की आळंद तालुका लागतो. तिथल्या सरकारी शाळेत सप्टेंबर 2024 पासून आठवड्याचे सहाही दिवस अंडं. त्यातली चार अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पैशातून, दोन सरकारची. सीमाप्रश्नात आपण गावं मागतो, ती मागत राहू. पण शाळेतल्या पोरांचं मत घेतलं तर निकाल उलटा लागेल, तेव्हा तेवढं मात्र घेऊ नये.

लोकसहभाग म्हणजे काय, हे गुरुजींनी मला समजावून सांगितलं. शासनाला करायचं नसतं ते लोकांनी करायचं आणि अहवालात दोघांनी लिहायचं. आधी सरपंचांकडे गेले. त्यांनी वाढदिवसाला अंडी द्यायचं कबूल केलं, पण फ्लेक्ससकट. एक दुकानदार केळी देतो म्हणाला, अंडं नको, घरात माळकरी आहेत. एका पालकाने दोन कोंबड्याच देऊ केल्या. त्यांची नोंद साठा रजिस्टरमध्ये धान्यादी मालात घ्यायची की जडवस्तूंत, हे विचारायला गुरुजींनी पंचायत समितीला पत्र लिहिलंय. उत्तर यायचंय. दरम्यान एक कोंबडी मेली, तिचं निर्लेखन करावं लागणार.

शेवटी मी म्हटलं, एका दिवसाची अंडी माझ्याकडून. 43 नग, सात रुपयांप्रमाणे 301. गुरुजींनी रजिस्टर काढलं. देणगीदाराचं नाव लिहिलं. पुढचा रकाना: निमित्त.

"वाढदिवस कधी असतो तुमचा?"

"ऑक्टोबरात."

"या बुधवारचा लिहितो. बिननिमित्ताचं कोणी देतं म्हटलं की चौकशी लागते."

त्या बुधवारी मी मुद्दाम गेलो. ऊसतोडीचे चौघे सोडून सगळे आले होते. डबेवाले तिघेही डबा दप्तरात ठेवून रांगेत. म्हणजे 39. त्यांच्यामागे अंगणवाडीतली सात शेंबडी भावंडं, हातात घरच्या वाट्या घेऊन. मावशींनी तोंडाने मोजलं, 46. अंडी 43. त्यांनी कनवटीचा दोरा काढला, धुतला, आणि सहा अंडी दोऱ्याने मधोमध कापली. सुरीने कापलं की पिवळं सांडतं. धाकट्यांच्या वाट्यांत अर्धं अर्धं पडलं, मोठ्यांतल्या पाचांनीही अर्ध्यावर मान डोलावली. तीन अंडी उरली, त्यातली दोन तापातून उठलेल्या दोघांना दिली, एक गुरुजींनी चाखलं.

मग गुरुजी गच्चीवर गेले. ॲपमध्ये 46 भरून बघितले. ते घेतलं नाही. पटाच्या वरचा आकडा ते घेत नाही.