अजून थोडं पुढे

घाट सुरू झाला की भाऊकाका आपल्या बाजूची काच खाली करतात. एसी चालू असला तरीही. मग कोपर बाहेर, अर्धी मान बाहेर, आणि गाडी तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला असतो. त्याला काका न बघताच ‘जा बाबा तू’ असा हात करतात. त्यांचं लक्ष रस्त्याकडे कमी, रस्त्याकडेच्या झाडांखाली जास्त. गाडीतली जाणती मंडळी ओळखतात, की सहल संपली, जागा शोधणं सुरू झालं.

हे भाऊकाका आमचे. तुमच्याकडे ते आत्याचे यजमान असतील, सोसायटीचे सेक्रेटरी असतील, नाहीतर बँकेतून निवृत्त झालेले साडूभाऊ असतील. खूण एकच. डबे घेऊन डोंगरात गेल्यावर सगळ्या जगाला बसायची घाई असते, या माणसाला नसते.

जागेबद्दल काकांचं मागणं फार नाही. जमीन सपाट हवी, कारण आमटीचं पातेलं कलंडतं. डोक्यावर सावली हवी, आणि ती जेवण होईपर्यंत टिकायला हवी. वाहतं पाणी हवं, पण उशाशी नको. समोर दरी दिसायला हवी. आणि आजूबाजूला माणूस नको. माणसाची खूणही नको. वेफर्सचं एक रिकामं पाकीट दिसलं तरी जागा बाद. हे सगळं गाडीपासून शंभर पावलांत हवं, कारण काकूंचे गुडघे.

सह्याद्रीत हे का जमत नाही, ते गंमत म्हणजे काकाच उत्तम समजावून सांगतात. “साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे हा,” स्टिअरिंगवरचा एक हात सोडून ते दाखवतात. “थरावर थर. कठीण थर टिकला तिथे कडा, ठिसूळ थर झिजला तिथे उतार नाहीतर पदर. म्हणून आपला डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो.” म्हणजे दरी बघायची तर कड्यावर जायला हवं, आणि वरच्या सड्यावर माती जेमतेम वीतभर, तिथे मोठं झाड धरत नाही. दाट झाडी खाली पदरात, तिथून दरी दिसत नाही. पाणी असतं नाळेत, तिथे सपाटी नाही. सपाटी, सावली आणि पाणी एकत्र मिळालंच तर एखाद्या देवराईत, आणि तिथे काका खरकटं सांडू देत नाहीत. थोडक्यात, निसर्गाने साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच काकांच्या विरोधात निकाल दिलेला आहे. काका अपिलात आहेत.

एखादी जागा बरी वाटली तर तिची तपासणी होते. इंजिन चालूच राहतं. हँडब्रेक ओढून काका एकटे उतरतात. बाकी कोणी उतरायचं नाही अशी सक्त ताकीद असते. माणसं उतरली की पसरतात आणि मग उचलली जात नाहीत, असा त्यांचा अनुभव आहे. आधी कमरेवर हात ठेवून ते सगळीकडे एक नजर टाकतात, भाचीसाठी मुलगा बघायला गेलेल्या मामासारखी. मग टाचेने जमीन दाबून बघतात. चिमूटभर गवत तोडून वर उडवतात आणि ते कुठे जातंय ते पाहतात. घड्याळ पाहतात, सूर्य पाहतात, परत घड्याळ पाहतात. वाकून मुंग्या पाहतात. लाल असल्या तर तिथूनच मागे फिरायचं. काळ्या असल्या तर मांडी घालून खाली बसायचं, आणि जेवताना दरी कितपत दिसेल याचा अंदाज घ्यायचा. आम्ही काचेआडून हे सगळं बघत असतो. माझ्या मांडीवर भाताचा कुकर असतो आणि तो अजून गरम असतो. अखेर काका परत येतात, दार लावतात, पट्टा लावतात, आणि आरशात आमच्याकडे बघून म्हणतात, “जागा वाईट नाही.”

हे ऐकून आमच्या घरातली लहान पोरंसुद्धा आता हुरळत नाहीत. त्यांना पुढचा ‘पण’ माहीत असतो. पण दोन वाजता इथे ऊन येणार. पण वारा उलटा आहे, प्लेटी उडतील. पण इथे काय, इथे कोणीही बसेल! हे शेवटचं कारण सगळ्यात जड. जिथे कोणीही बसेल तिथे आपण का बसायचं, याला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नाही. “अजून थोडं पुढे,” म्हणत काका पहिला गिअर टाकतात.

प्रसिद्ध जागांबद्दल त्यांना राग नाही, दुःख आहे. भुशी डॅम आणि टायगर पॉइंट यांची नावं ते भूतकाळातच घेतात. “चांगली होती जागा.” त्यांच्या कालगणनेत युगं दोनच: मॅगीच्या टपरीआधीचं आणि नंतरचं. कासचं पठार आपण २०१२ च्या आधी, म्हणजे पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत जायच्या आधी पाहिलंय, हे ते वारसा समितीने नोंद घ्यावी अशा आवाजात सांगतात. आता फुलांच्या दिवसांत तिथे तिकीट लागतं, म्हणून काका चाळकेवाडीच्या पठारावर जातात. तिथे पवनचक्क्या आहेत, म्हणून आणखी थोडं पुढे जातात.

महाबळेश्वरशी तर त्यांचं जुनं वैर. एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, फॉकलंड. “साहेबाने एकेक जागा शोधून नाव दिलं, आणि आपण काय दिलं? रेलिंग!” मात्र एका साहेबाबद्दल त्यांना मनापासून आदर आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट. हा गृहस्थ १८५० च्या मे महिन्यात डोंगर चढून वर गेला आणि माथेरान सापडलं. सापडलं ते साहेबाला. तिथल्या ठाकर-कातकऱ्यांना ते आधीपासून माहीतच होतं, असं मी एकदा म्हणून पाहिलं. काका शांतपणे म्हणाले, “माहीत होतं रे. पण ते शोधत नव्हते.”

हे शोधणं स्थानिक माणसाला कोड्यात टाकतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ताम्हिणीच्या अलीकडे काकांनी गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्यापाशी गाडी उभी केली.

“राम राम मामा. इथे जवळपास बसायला चांगली जागा कुठे मिळेल?”

मामांनी खिडकीतून आम्हा सगळ्यांना एकदा पाहून घेतलं. “बसाया?”

“हो, बसायला.”

मामा जरा थांबले. “मंग बसा की हितंच. कोन नगं म्हनतंय?”

“तसं नाही, पण जरा चांगली...”

मामांनी काठीने डिवचून एक गाय उठवली. “हितं बसा. ही बसली व्हती न्हवं, कोरडं आसंल.”

गाईचा निवाडा आम्हाला मान्य होता. काकांनी मामांना नमस्कार केला आणि गाडी पुढे काढली.

त्याच रस्त्यावर, मुळशीचं पाणी पहिल्यांदा नीट दिसतं त्या वळणावर, काका दर वेळी इंजिन बंद करून थांबतात. तिथे जागा बघत नाहीत. सेनापती बापट, १९२१ चा सत्याग्रह, बुडालेली गावं, आणि हे पाणी डोंगर ओलांडून खाली भिऱ्याला वीज करायला जातं, एवढं सगळं सांगतात. आम्हाला पाठ झालंय, तरी मध्ये कोणी बोलत नाही. “याच्या खाली लोकांच्या बसायच्या जागा आहेत,” असं म्हणून ते चावी फिरवतात आणि पुढचा मैलभर कुठल्याच जागेला नावं ठेवत नाहीत.

काकूंनी इतक्या वर्षांच्या संसारात या सगळ्यावर एक तोड काढली आहे. त्या खाणं दोन प्रकारचं करतात. जागेवरचं आणि रस्त्यातलं. जागेवरचं म्हणजे भात, आमटी, भरली वांगी, भाकरी, ठेचा, दही. ते सगळ्यांच्या देखत, झाकणं दोऱ्याने बांधून डिकीत ठेवलं जातं. कुकर तेवढा डिकीत मावत नाही. रस्त्यातलं म्हणजे तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी आणि गूळपापडी. ते त्यांच्या पर्समध्ये असतं आणि अधिकृतरीत्या नसतंच. जागा मिळेपर्यंत कोणी तोंडात काही टाकायचं नाही, हा काकांचा नियम. मागच्या सीटवर पुऱ्या या हातातून त्या हातात सरकत असतात. मध्येच आरशात कोणाचा तरी फुगलेला गाल दिसतो. “कोण खातंय?” “कोणी नाही.” मग थोड्या वेळाने काकांचा डावा हात गिअरवरून सुटून मागे येतो, तळवा वर. काकू त्यावर पुरी ठेवतात. याविषयी कोणीही काहीही बोलत नाही.

माझा मुलगा फोनवर नकाशा उघडून मदत करू बघतो. “आजोबा, इथे आत एक धबधबा आहे. चार पॉइंट तीन रेटिंग.”

“किती जणांनी दिलंय?”

“दोन हजार.”

“म्हणजे दोन हजार माणसं जाऊन आली. दुसरं बघ.”

आपण शोधलेली जागा काका सांगत नाहीत. सख्ख्या भावालाही नाही. फोटो काढायला हरकत नसते, पण दरी फोटोत येता कामा नये. दरी आली की पलीकडचा डोंगर ओळखू येतो, आणि डोंगर ओळखला की पुढच्या रविवारी बारा गाड्या. त्यामुळे आमच्या अल्बममध्ये वर्षं बदलतात, पोरं मोठी होतात, माझे केस मागे हटतात, आणि आम्ही सगळे करवंदीच्या जाळीला टेकून हसत उभे असतो.

सगळ्या अटी पुऱ्या करणारी जागा मिळालीच नाही, असं मात्र नाही. एकदा मिळाली. ओढ्याच्या मधोमध अंगणाएवढा सपाट कातळ, वर जांभळाची सावली, दोन बाजूंनी खळाळतं नितळ पाणी, आणि झाडीच्या फटीतून थेट खालची दरी. माणूस नाही, पाकीट नाही. काकांनी ‘पण’ म्हटलं नाही. श्रावणातलं कोवळं ऊन पडलं होतं. पानं वाढली, काकूंनी आमटी घेतली, पोरांनी पाय पाण्यात सोडले. काका ताट हातात घेऊन उभेच होते. बसायची सवय नसावी. आणि अचानक म्हणाले, “उठा.”

आम्ही हसलो. त्यांनी ताट खाली ठेवलं. “पाण्याचा रंग बघा. उठा आधी. पोरं पुढे, सामान राहू दे.” नितळ पाणी तांबूस झालं होतं आणि त्यात पाचोळा, काटक्या यायला लागल्या होत्या. वर घाटमाथ्यावर पाऊस लागला की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो, हे ते पुढे गाडीत सांगत होते. तेव्हा मात्र एकेकाच्या दंडाला धरून काठावर चढवत होते. काकूंना तर त्यांनी जवळजवळ उचललंच. सगळे वर येऊन मागे वळून बघतो, तर कातळ दिसत नव्हता.

ही गोष्ट काका कधी कोणाला सांगत नाहीत. काकू सांगतात, पण त्यांच्या गोष्टीत ओढा, पूर, पोरं असं काही नसतंच. “माहेरचं पितळी पातेलं होतं हो. अख्ख्या आमटीसकट गेलं.”

एरवी आमचं जेवण होतं ते साडेतीनच्या पुढे, कुठल्यातरी गावाबाहेरच्या भैरोबाच्या देवळात. सभामंडप सपाट, सावली पक्की, दारात नळ. पुजारी सतरंजी देतो. “ही काही जागा नव्हे,” म्हणत काका तीन भाकऱ्या खातात. जेवण झालं की डिकीतलं गोणपाट काढून आमचा कचरा उचलतात, मग पायरीवरचा, मग रस्त्यापर्यंतचा जो कोणाचा असेल तो.

गेल्या पावसाळ्यात असेच बसलो होतो. समोर एक पांढरी गाडी येऊन थांबली. इंजिन चालू ठेवून एक मध्यमवयीन गृहस्थ एकटेच उतरले. त्यांनी कमरेवर हात ठेवून देवळाकडे पाहिलं. मग वडाखाली जाऊन टाचेने जमीन दाबली. काकांचा घास हातातच राहिला. त्या गृहस्थांनी चिमूटभर गवत तोडून वर उडवलं, तशी काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

गृहस्थ जवळ आले. “काका, इथे जवळपास कुठे...”

“माणसं किती?” काकांनी विचारलं.

“सहा.”

“गुडघ्याचं कोणी?”

“आई आहे.”

“डबे आहेत की विकतचं?”

“डबे.”

काकांनी ताट सरकवलं, नळावर हात धुतले आणि धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले. ज्या माणसाने सख्ख्या भावाला जागा सांगितली नव्हती, तो म्हणाला, “सांगून नाही सापडायची. चला, दाखवतो.” आणि त्या गाडीत पुढे जाऊन बसला. बसल्याबरोबर काच खाली, कोपर बाहेर.

गाडी हलणार तेवढ्यात काकू आपले गुडघे सांभाळत लगबगीने पायऱ्या उतरल्या. मागच्या खिडकीतून आत हात घालून त्यांनी त्या बाईंच्या मांडीवर पुऱ्यांचं पुडकं ठेवलं.

“असू दे,” त्या म्हणाल्या, “लागेल.”