त्याला लातूरला टाका

मराठवाड्यात पोरगं अभ्यासात कमी पडायला लागलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "लातूरला टाका." त्यावर नांदेडकर "आमच्याकडं काय कमी हाय?" म्हणून उसळतात, पण तो वाद दोन्ही शहरांतल्या क्लासवाल्यांच्या फलकांवर सोडून देऊ. माझाही सल्ला तोच आहे, फक्त विद्यार्थी जरा वेगळा आहे. सरकारी सर्व्हर.

१६ जुलै २०२१ आठवा. करोनामुळं दहावीची परीक्षाच रद्द झालेली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला ९९.९५ टक्के. त्या वर्षी परीक्षा द्यावी लागली ती एकाच उमेदवाराला, राज्य मंडळाच्या संकेतस्थळाला. वेळ दुपारी एकची. उमेदवार चक्कर येऊन पडला आणि तासन्‌तास उठलाच नाही.

अशा वेळी खुलासा ठरलेला असतो : एकाच वेळी फार लोक आले. अहो, १५ लाखांवर मुलं मंडळाच्याच यादीतली, आसनक्रमांक मंडळानंच दिलेले, दिवस नि घटकाही मंडळानंच जाहीर केलेली. मुहूर्त आपण काढायचा, पत्रिका आपण वाटायच्या आणि पंगत बसली की "एवढे कसे काय आले?" म्हणून आचाऱ्याकडं बघायचं!

आचारी शहाणा असतो. हजार माणूस आहे म्हटल्यावर तो लगेच कढई चढवत नाही. एका पंगतीला किती, ते आधी विचारतो. १५ लाख पोरं दिवसभरात येणं निराळं आणि एक वाजून एक मिनिटाला येणं निराळं. त्यात एक पोरगं म्हणजे एक पान नसतं. बाप, मामा, शेजारची ताई, सेवा केंद्रवाला, सगळे तोच निकाल शोधतात. पान उघडेना की रिफ्रेश, पुन्हा रिफ्रेश. उपाशी माणूस रांग सोडून जात नाही, तो दोनदा ताट मागतो.

या गर्दीची सरकारी तयारी कशी होत असेल? मला दिसते ती अशी : गार खोलीत तिघं साहेब, एक आसनक्रमांक, पान उघडलं, चहा आला. यातली गंमत अशी की तोच क्रमांक पुन्हा विचारला तर उत्तर सर्व्हरच्या खिशात आधीच तयार असू शकतं. म्हणजे पेपर फुटलेला! खरी पोरं लाखो वेगवेगळे क्रमांक घेऊन येतात, मग प्रत्येक वेळी डेटाबेसच्या कोठारात उतरावं लागतं. दम लागतो तो तिथं.

राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी जोडलेला लातूर पॅटर्न नेमका इथंच उपयोगी आहे. खरी परीक्षा ही आणखी एक टेस्टच वाटावी, इतकी टेस्ट सिरीज. आधी पाच हजार खोटी पोरं सोडायची, मग पन्नास हजार, मग पाच लाख. उत्तराला किती सेकंद लागले, कुठं अडलं, ते वहीत मांडायचं. शेवटी पडेपर्यंत पळवायचं. पडू दे की! निकालाच्या आधी पडलं तर रिपीटर बॅच आहेच.

हे भार हळूहळू वाढवणं लातूरला संगणकानं शिकवलेलं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' ही पाण्याची रेल्वे आली ती १० वाघिणींची, ५ लाख लिटरची. भरण्याची सोय वाढल्यावर ५० वाघिणी, २५ लाख लिटर. सगळं पाणी पहिल्याच दिवशी लातूरच्या स्टेशनात ओतलं नाही कुणी.

सर्व्हरच्या प्रगतिपुस्तकात मात्र २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीचे अर्ज, २०२४ च्या लाडक्या बहिणींचे अर्ज, सगळीकडं शेरा एकच : सर्व्हर डाऊन. यावर जाणकारांचा तोडगा म्हणजे मुदतवाढ. पेपर जमेना की परीक्षेची तारीख पुढं, ही सवलत लातूरच्या पोरांना कळली तर ट्यूशन एरिया ओस पडेल.

परवा मुखेडकडच्या एका सेवा केंद्रात बसलो होतो. एक आजोबा तिसऱ्यांदा अंगठा लावून थकले होते.

"काका, सर्व्हर डाऊन हाय. रातच्याला दोनला या, तवा चालतंय," केंद्रवाला म्हणाला.

"मोटारीची लाईट रातची, आता हेबी रातचंच का?" आजोबा उठता उठता म्हणाले. "बरं, येतो दोनला."

बाकावरची बाई हसली. "नका येऊ आजोबा. समद्यांना त्यानं दोनच सांगितलंय. काल दोनलाच बंद पडलं."