रावण कायम, बाकी सगळे कंत्राटी

मागच्या मंगळवारी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर आंबेठाण चौकातल्या टपरीवर एक वाद पेटला. विषय होता, क्लबचा आजवरचा सर्वश्रेष्ठ डिफेंडर कोण? चौघं जण, चार मतं, आठ कटिंग. पाऊण तास झाला तरी कुणी मागे हटेना. शेवटी चहावाल्यानं पातेलं विसळता विसळता सहज विचारलं, "पण क्लब कुठला?" आणि चौघंही गप्प झाले.

प्रश्न अवघड होता, कारण आता क्लबच नाही. म्हणजे एके काळी होते, चांगले चार होते. पिरामल घराण्यातल्या उद्योगसमूहानं 2007 साली काढलेला पुणे एफसी. कल्याणी समूहाचा भारत एफसी, जो आय-लीगचा 2014-15 चा एकच हंगाम खेळला. आमच्याकडे प्रोबेशनसुद्धा याहून लांबतं. डीएसके शिवाजियन्स, आय-लीगचे दोन हंगाम. आणि सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी, हृतिक रोशनच्या भागीदारीतला. पुणे एफसी आणि भारत एफसी 2015 मध्ये गेले, शिवाजियन्स 2017 मध्ये आय-लीगबाहेर पडले, 2019 मध्ये पुणे सिटीनं गाशा गुंडाळला आणि त्या जागी हैदराबादचा संघ आला. पाच वर्षांत चार शटर खाली. चाकणमधून एखादी कंपनी हलली तर निदान गेटसमोर मंडप पडतो, चार दिवस घोषणा होतात. इथे कुणाची एक सुतळी हलली नाही.

तरीही वाद होतो. किंबहुना म्हणूनच होतो. चालू क्लबचा माणूस टेबलातल्या क्रमांकावरून भांडतो. गेलेल्या क्लबचा माणूस फक्त आठवणीवरून भांडू शकतो, आणि आठवणीला रेफरी नसतो.

आता कुणी सदाशिवपेठी वाचक विचारेल, पुण्याच्या क्लबवर पिंपरी-चिंचवडकरांचा हक्क कसला? महाशय, क्लबच्या नावात पुणे होतं, मॅच मात्र बालेवाडीला व्हायची. बालेवाडी तुमच्या महापालिकेत, मान्य. पण मुळा ओलांडली की लगेच आमचं वाकड लागतं. तुम्हाला पेठेतून तिथवर जायला सुट्टी टाकावी लागायची. आमची पोरं कंपनीचा शर्टही न बदलता स्टँडमध्ये जाऊन बसायची.

तर टपरीवरचे चार पक्ष.

पहिले अण्णा. हे निगडीचे, मूळचे केरळचे. पण इकडे दक्षिणेकडून आलेला प्रत्येक माणूस अण्णाच असतो आणि तीस वर्षांत त्यांनीही तक्रार केलेली नाही. त्यांचं मत अनस एडथोडिकाला. मलप्पुरमचा गडी, मुंबई एफसीतून पुण्यात आला आणि 2011 पासून क्लब बंद पडेपर्यंत पुणे एफसीच्या बचावात उभा राहिला. अण्णांचा मुख्य पुरावा असा, की फुटबॉलमध्ये जम बसण्याआधी अनसनं रिक्षा चालवली होती. "रिक्षावाल्याला ओव्हरटेक करून दाखव," अण्णा म्हणाले. यावर काय बोलणार? आम्ही सगळे रोज नाशिक हायवेनं येतो. पुढे तो भारताकडून पहिल्यांदा खेळला 2017 मध्ये, कंबोडियाविरुद्ध, वयाच्या तिसाव्या वर्षी. म्हणजे क्लबचं शटर पडून दोन वर्षं झाल्यावर देशाला कळलं की त्या शटरमागं कोण उभा होता. त्याच वर्षी सुपर लीगच्या ड्राफ्टमध्ये जमशेदपूर एफसीनं त्याला 1 कोटी 10 लाखांना घेतलं. जमशेदपूर एफसी टाटा स्टीलचा. अण्णांनी हे वाक्य उच्चारल्यावर क्षणभर शांतता पसरली, कारण पिंपरीत "पोरगा टाटात लागला" यापुढे पद्मश्रीसुद्धा फिकी.

दुसरा मेंटेनन्सचा दादा. हा चिका वालीच्या बाजूनं. नायजेरियाचा, दणकट, पुणे एफसीच्या चांगल्या दिवसांतला. चांगले दिवस म्हणजे पहिल्याच आय-लीग हंगामात, 2009-10 ला, तिसरा क्रमांक; 2012-13 ला चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा. दोन्ही वेळी प्रशिक्षक डेरिक परेरा. दादाचं म्हणणं, डिफेंडर आणि मेंटेनन्सवाला यांची कुंडली एकच. वर्षभर मशीन चालली तर कुणी नाव घेत नाही. एकदा ब्रेकडाऊन झालं की प्लांटहेडपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे डोक्यावर येऊन उभे. बोलताना तो डाव्या हाताच्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख दाखवत होता. त्या नखाचा चिका वालीशी काय संबंध ते कळलं नाही, पण विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तिसरे क्वालिटीवाले साहेब. यांनी मुद्दाम फाटे फोडले. म्हणाले, बचाव म्हटला की गोलकीपर आलाच, सबब सुब्रत पाल. जानेवारी 2011 मध्ये आशिया कपात दक्षिण कोरियानं भारताला 4-1 हरवलं, तरी दुसऱ्या दिवशी नाव झालं ते सुब्रतचं, इतके फटके त्यानं अडवले. तेव्हा तो पुण्याचा गोलकीपर. शिवाय पुणे एफसीचं टोपणनाव "रेड लिझर्ड्स". क्लब लाल पालींचा, गोलात उभा पाल. याहून शुभ योग कुठला? (माझ्या मनात तेव्हाच चुकचुकली होती.) पण दादानं साहेबांना त्यांच्याच भाषेत गप्प केलं. "साहेब, फायनल इन्स्पेक्शनला एवढा माल अडकतोय म्हणजे आधी लाईनवर काय चाललंय ते बघा." गोलकीपर हिरो झाला तो दिवस डिफेंडरच्या नावावर रिजेक्शन म्हणूनच लागतो. साहेबांनी उरलेला चहा फुंकर न मारता प्यायला.

मध्ये थोडा वेळ परदेशी पाहुण्यांचीही चौकशी झाली. भारत एफसीचा बॉबी हॅसेल इंग्लंडच्या बार्न्सलीहून आलेला, पुणे सिटीच्या पहिल्या हंगामातला ब्रुनो सिरिलो तर इंटर मिलानमधून खेळलेला इटालियन. यांचं चाकणमधल्या फॉरेन साहेबांसारखंच असतं. येतात, प्रोसेस समजावतात, मिसळ खाऊन दोन दिवस आजारी पडतात, आणि आपण त्यांचं नाव नीट उच्चारायला लागतो तोवर विमानात बसलेले असतात. पुणे सिटीच्या सार्थक गोलुईचंही नाव निघालं. पण ज्याच्या आडनावातच गोल, त्याला गोल अडवणारा कसं म्हणायचं, असा आक्षेप आला आणि तो अर्ज छाननीतच बाद झाला. तो चांगला खेळायचा, पण टपरीवरच्या छाननीत गुणवत्ता हा निकष नसतो.

चौथे स्टोअर्सचे काका. रिटायरमेंटला आठ महिने राहिलेत, बोलतात कमी. बराच वेळ बिस्कीट बुडवत बसले होते. मग म्हणाले, "धर्मराज रावणन."

सगळे हसले, कारण नावच तसं आहे. तमिळनाडूचा खेळाडू, अर्धं महाभारत आणि अर्धं रामायण एकाच जर्सीच्या पाठीवर. पण काकांचा मुद्दा नावाचा नव्हता. "तो पुणे एफसीत होता. क्लब गेला. मग पुणे सिटीत होता. मालक दुसरे, रंग दुसरा, माणूस तोच, मैदान तेच."

हसू थांबलं, कारण हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. चाकणच्या कुठल्याही गेटवर सकाळी सहाला उभे राहा. कंत्राटदार बदललेला असतो, गेटपासचा रंग निळ्याचा हिरवा झालेला असतो, ओळखपत्रावरचा फोटो मात्र सहा वर्षांपूर्वीचाच, आणि तो माणूस त्याच प्रेसवर त्याच हातानं तोच पार्ट लावत असतो. रजिस्टरमध्ये तो दर काही महिन्यांनी नव्यानं लागलेला. त्याची सर्व्हिस कुणीच मोजत नाही.

फुटबॉल समजणारे लोक अनसलाच मत देतील, आणि ते बरोबरच असतील. मार्च 2018 मध्ये पुणे सिटी उपांत्य फेरीत गेली, बालेवाडीत बेंगळुरूला 0-0 वर रोखलं आणि परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीनं एकट्यानं तीन मारले. तिथे अनस हवा होता, हेही मी मानतो. पण माझं मत काकांच्या पारड्यात. श्रेष्ठ डिफेंडर धर्मराज रावणन. दहा तोंडांचा असूनही मुलाखतीत फारसा न दिसणारा हा पहिलाच.

हैदराबाद एफसीनं 2021-22 ची सुपर लीग जिंकली, ही बातमी चहावाल्याला आम्ही मुद्दाम सांगितली नाही. एक विनंती मात्र आहे. बालेवाडीच्या कुठल्याही जुन्या मॅचचं तिकीट कुणाच्या कपाटात उरलं असेल, तर कुठल्याही मंगळवारी तीननंतर टपरीवर आणून दाखवा. क्लब होता, एवढं चहावाल्याला पटवून द्यायचंय. चहाचे पैसे अण्णा देतील.