यात भारी कोण?

हिऱ्यांच्या गावात 'तौलनिक' हा शब्द जपून वापरावा. माझा भाचा सुरतेच्या महिधरपुऱ्यात हिऱ्यांची दलाली करतो. तिथे माणसं भर रस्त्यात, स्कूटरच्या सीटवर कागदाची पुडी उलगडतात आणि चिमट्यातला खडा उजेडाकडे धरून त्याचं भवितव्य ठरवतात. निवृत्तीनंतर मी तौलनिक साहित्यात एम.ए. करायला घेतलंय हे कळल्यावर तो मनापासून खूश झाला. वजनकाट्याचा काहीतरी कोर्स असावा, अशी त्याची समजूत.

"नाही रे, दोन भाषांतली पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचायची."

"बरं. मग मामी, यात भारी कोण निघतं?"

पुढे हाच प्रश्न सगळ्यांनी विचारला. अमळनेरला माहेरी विचारला, तेव्हा उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. शेजारच्या बेननेही ठरवलेलं होतं. दोन्ही उत्तरं अर्थात वेगवेगळी.

चूक त्यांची नाही, शब्दाची आहे. मराठीत 'तौलनिक', गुजरातीत 'तुलनात्मक'. दोघांच्याही पोटात तराजू बसलेला. रवींद्रनाथांना बहुधा हाच काटा खुपला असावा. १९०७ मध्ये कलकत्त्याला या विषयावर बोलताना त्यांनी इंग्रजी नाव बाजूला सारून 'विश्वसाहित्य' म्हटलं. पण १९५६ मध्ये बुद्धदेव बसूंनी जादवपूरला विभाग काढला, तेव्हा बंगालीतही 'तुलनामूलक' आलंच. आपल्याकडे वसंत बापटांनी पुस्तकाला 'तौलनिक साहित्याभ्यास' हेच नाव दिलं. मुंबई विद्यापीठातलं त्यांचं अध्यासन मात्र रवींद्रनाथांच्या नावाचं. मी 'विश्वसाहित्य' म्हटलं असतं तर भाच्याने वजन विचारलं नसतं हे खरं. माल अँटवर्पला जातो की हाँगकाँगला, एवढंच विचारलं असतं.

उधना-मगदल्ला रस्त्यावरच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात मी पहिल्या दिवशी गेले, तेव्हा वर्गातला एक मुलगा उभा राहिला. मग त्याचं बघून बाकीचेही उभे राहिले. मला वाटलं, मागून सर आले. तो माझाच विद्यार्थी निघाला, लिंबायतच्या मराठी शाळेतला. सुरत महापालिका सात माध्यमांच्या शाळा चालवते: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी. त्यातल्या मराठीत माझी सगळी नोकरी गेली. परिपत्रक गुजरातीत यायचं, आम्ही ते मराठीत समजून घ्यायचो, आणि पालकांना अहिराणीत सांगायचो. हे तौलनिक आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वेगळा भत्ता मागितला असता.

खरं तर माझा प्रवेश त्याहूनही जुना. लग्न होऊन भुसावळ-सुरत गाडीने इथे आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी भांडी घासत होते. शेजारच्या बेनने भिंतीपलीकडून हाक मारली, "नवरी पडी के?" मी हातातलं पातेलं टाकून बाहेर धावले. नवरी कुठे पडली? मी तर धडधाकट उभी होते. गुजरातीत 'नवरुं' म्हणजे रिकामं; कामातून मोकळी झालीस का, एवढंच तिला विचारायचं होतं. आता विचार करते तेव्हा वाटतं, एकच शब्द मराठीत लग्नाला उभा राहिला आणि गुजरातीत मोकळा झाला, यावर एक अख्खा शोधनिबंध होईल. पण तो लिहायला माणूस नवरं हवं.

तसंच एका कचेरीत खिडकीवरच्या माणसाने शांतपणे "वार लागशे" म्हटलं, तेव्हा मी चार पावलं मागे सरकले होते. वेळ लागेल, असं तो म्हणत होता. लागलाही. सुरती माणूस त्यातून 'स'चा आणि 'श'चा 'ह' करतो, त्यामुळे 'हुं' म्हणजे 'मी' की 'काय', हे चेहऱ्यावरून ओळखायचं. सासूबाईंना मात्र यातलं काहीच अवघड गेलं नाही. अहिराणीत 'घरना', गुजरातीत 'घरनो'. अहिराणीत 'पोऱ्या', सुरतीत 'पोयरो'. शाळेचं तोंड न पाहिलेल्या सासूबाई भाजीवाल्याशी तासभर भांडायच्या आणि आपण भाषा बदलली हे त्यांच्या गावीही नसायचं. मला त्याच गोष्टीसाठी परीक्षा फी भरावी लागली.

वर्गातली मुलं माझी थट्टाही करतात. "बेन, तमे तो अमने लूंटेला!" मी सांगते, बाबांनो, १६६४ आणि १६७० नंतर मी आले, तोवर शिल्लक काय होतं? मी चौथीत शिकलेल्या इतिहासात सुरत महाराजांबरोबर येते आणि त्यांच्याबरोबरच संपते. सुरतेच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासात महाराज येतात, जातात, आणि सुरत तिथेच असते. पान एकच, फक्त पुस्तक कुठल्या घरात उघडलंय ते बघायचं.

लघुप्रबंधाला विषय घेतला तो दादोबा पांडुरंग आणि गुजराती लेखक नर्मद. मराठीचं व्याकरण १८३६ मध्ये लिहिणारे आपले दादोबा पुढे सुरतेत इंग्रजी शाळेत शिकवत होते. इथे १८४४ मध्ये ते आणि दुर्गाराम मेहता यांनी मानवधर्म सभा काढली. एक मराठी मास्तर, एक गुजराती मास्तर. शाळा सुटल्यावर जातिभेद आणि भूतखेतं यांच्यावर तुटून पडायचे. माझ्या काळी शाळा सुटल्यावर आम्ही मतदारयाद्या तपासायचो. नर्मद तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचा. दुर्गारामांच्या शाळेतही तो काही काळ बसला होता. पुढे १८५८ मध्ये त्याने मास्तरकी सोडली आणि लेखणीवर जगायचं ठरवलं. मास्तर मंडळींना हे वाचताना जरा लागतं. एकट्याने 'नर्मकोश' हा शब्दकोशही रचला. दादोबांकडे व्याकरण, नर्मदकडे कोश. एकाने नियम घातले, दुसऱ्याने शब्द गोळा केले.

मला गंमत वाटली ती त्यांच्या आत्मचरित्रांची. दोघांचीही आपापल्या भाषेत पहिली म्हणून नावाजलेली. नर्मदने 'मारी हकीकत' १८६६ मध्ये लिहिली; ती लोकांसमोर पुस्तकरूपाने आली १९३३ मध्ये, तो जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाल्यावर. दादोबा १८८२ मध्ये गेले. त्यांचं आत्मचरित्र प्रियोळकरांनी छापून आणलं १९४७ मध्ये. म्हणजे दोघांनी स्वतःबद्दल सगळं सांगून टाकलं आणि ऐकणारे आले दोन पिढ्यांनी. वार लागशे म्हणतात तो असा.

सर म्हणाले, साम्य सापडलं, आता फरक शोधा. आमलीरानमधल्या नर्मदच्या घरासमोर उभी राहून मी पुष्कळ विचार केला. नर्मद बाह्या सरसावून बोलतो. दादोबा आधी चष्मा पुसतात, असं मला वाटतं. सरांनी समासात लिहिलं, 'आधार?'

काल पुस्तकं परत करायची होती. नर्मद विद्यापीठाचा, दादोबा जळगावच्या भावाने मिळवून दिलेले. पिशवीत भरण्याआधी मागे वळून पाहिलं, घरात कुणी नव्हतं, आणि दोघांना एकेक करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. दादोबा भारी निघाले. संध्याकाळी भाच्याला सांगितलं. त्याने पुस्तक हातात घेऊन पाहिलं, वाचनालयाने घातलेल्या जाड पुठ्ठ्यावर नख वाजवलं आणि म्हणाला, "मामी, बांधणीची घट काढली का?"